दात येईपर्यंत

बँकेच्या जाहिरातीला आवाज द्यायला मी चौकातल्या एका स्टुडिओत गेलो होतो. माझ्याआधी आठेक वर्षांची एक मुलगी कार्टूनमधल्या खारीला आवाज देत होती. वाजू नयेत म्हणून बांगड्या काढून ती माइकसमोर स्टुलावर उभी होती. पण पुढचे दोन दात सकाळीच पडलेले, त्यामुळे दर वाक्याला शिट्टी वाजायची. शेवटी रेकॉर्डिस्टने दुसऱ्या मुलीला बोलवायला फोन उचलला. खारीचा आवाज देणाऱ्या मुलीची आई माझ्या शेजारीच बसली होती, तिचा चेहरा उतरला.

मुलगी शांतपणे म्हणाली, "भैया, आज गिलहरी की दादी वाले सीन कर लेते हैं। दाँत आने तक दादी भी मैं।"

त्याने फोन ठेवला. काचेपलीकडे एक अस्सल म्हातारी बोलू लागली.

माझी पाळी आल्यावर मी आत गेलो. ती अजून स्टुलावरच उभी होती आणि स्टूल उंच होतं. उतरताना त्या म्हातारीने माझा हात धरला.