‘श्री’ म्हणजे किती अक्षरं?

“त्या बाईंनी चुकीचं टाइप केलंय. तिकीट बंद कर,” समीर सर म्हणाले.

तिकीट म्हणजे ग्राहकाची तक्रार. घोडबंदर रोडवरच्या या कंपनीत मी इंटर्न आहे, कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू आहे. आमच्या ॲपमध्ये दोघं जण एकाच वेळी एकच मजकूर लिहू शकतात. तक्रार बाळकुमच्या एका सोसायटीची. नवरात्राच्या पत्रिकेत ‘पाटील यांच्या शुभहस्ते’ऐवजी ‘यांच्शुभया हस्ते’ छापून आलं. प्रमुख पाहुणे पाटील चिडले. आमच्या सपोर्ट टीमने ‘चूक टाइप करणाऱ्याची’ असं कळवून टाकलं, आणि सेक्रेटरींनी टायपिस्ट वैशालीताईंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मी ताईंना फोन केला. त्यांनी आपल्या मोबाइलवरच्या ॲपमधून पाटलांच्या नावाआधी फक्त ‘श्री’ लावलं होतं. त्याच वेळी सेक्रेटरी ऑफिसातून पुढे ‘शुभ’ टाकत होते.

“अगं, ‘यांच्शुभया’ कोणी मुद्दाम तरी टाइप करेल का?” त्या म्हणाल्या.

मला आमचीच लाज वाटली.

मी तेच करून पाहिलं. तसंच झालं. दोघं एकदम लिहितात तेव्हा ॲप एक हिशेब करतं. त्याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात. मी ओळीच्या सुरुवातीला जितकी अक्षरं घातली, तितकी तुमची जागा पुढे सरकवायची. आता ‘श्री’ म्हणजे किती अक्षरं? फोनवरचं ॲप डोळ्यांना दिसतं तसं मोजत होतं: एक. सर्व्हर साठवलेलं मोजत होता: श, पाय मोडायची खूण, र, वेलांटी. चार. म्हणून ‘शुभ’ तीन घरं अलीकडे पडलं, थेट ‘यांच्या’च्या पोटात.

सरांसमोर माझा आवाज बारीक होतो. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे आधी वाटतं आपलंच काही चुकत असेल. तरी लॅपटॉप घेऊन गेले.

“टेस्ट तर सगळ्या पास आहेत,” सर म्हणाले.

“सगळ्या इंग्रजीत आहेत, सर. इंग्रजीत एक अक्षर फोनवर आणि सर्व्हरवर, दोन्हीकडे एकच मोजलं जातं.”

“मराठीत एवढं लिहितं कोण गं?”

“वैशालीताई लिहितात. म्हणून तर त्यांची नोकरी जातेय.”

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची निघाली. नव्या व्हर्जनच्या माहितीत सरांनी तिचं नाव ठेवलं ‘किरकोळ सुधारणा’. माझं डोकं फिरलं. चूक आमची होती असा मेल सेक्रेटरींना जाईपर्यंत तिकीट बंद करणार नाही, असं मी सरांना सांगितलं.

“लिही तूच. माझ्या नावाने पाठव,” सर शेवटी म्हणाले.

वैशालीताई कामावर राहिल्या. सेक्रेटरींनी त्यांची माफी मागितली नाही, फक्त दिवाळीची नोटीस टाइप करायला दिली.

आमच्या टीममध्ये सगळे मराठी. म्हणून ॲपला मराठी येतं असं नाही, ते तपासावं लागतं.