आतल्या खोलीतला चहा

लातूर जिल्हा नवा होऊन फार दिवस झाले नव्हते. मुखेडच्या शिवेला लागून असलेलं आमचं गाव त्याच्या अगदी टोकाला. जुन्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून आम्ही लांब होतो, नव्याहूनही लांबच राहिलो. त्यात लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला आणि आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. माझी मोठी बहीण, आमची अक्का, त्यांत सगळ्यांच्या पुढे असायची.

त्याच वर्षी बाबा पंचायत समितीवर निवडून आले. त्यांचा पक्ष म्हणजे एक निळा झेंडा, एक सायकल आणि ते स्वतः. दोन मोठ्या पक्षांचे सात-सात सदस्य आले होते, त्यामुळे सभापती कुणाचा होणार हे बाबांच्या एका हातावर येऊन अडलं. आघाडी कशी चालते हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. ते अक्कानं चुलीपुढे शेंगा मांडून शिकवलं. सात इकडं, सात तिकडं, मधे एक.

"बाबा, आज तुमाला किंमत हाय. एकदा सभापती झाला की कोण इचारतंय? आत्ताच मागा."

"उपसभापती करतो म्हणून राहिलेत."

"ते पद घिऊन पिता येतंय का? हापसा मागा, आपल्या वाड्यात."

बाबांनी हापसा मागितला. दोन्हीकडचे लगेच हाव म्हणाले. दोघांचे जाहीरनामे असे, की वरचं चिन्ह झाकलं तर कुठला कुणाचा हे छापणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. मग पक्षापक्षांत फरक करायचा कसा? बाबांची स्वतःची एक रीत होती. माणूस काय बोलतो ते सोडा, आपल्याला कुठं बसवतो ते बघा, असं ते म्हणायचे. एका पुढाऱ्यानं त्यांना ओसरीवर सतरंजी दिली आणि वळचणीला वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा. दुसऱ्यानं आत बोलावलं, खुर्ची दिली, घरच्यांच्याच कपात चहा दिला. बाबांनी त्याच पुढाऱ्याला शब्द दिला. आज कुणाला हे भाबडं वाटेल. मला नाही वाटत. ज्यानं जन्मभर वळचणीचा कप स्वतः विसळून पालथा घातला, त्याला तो फरक फार मोठा दिसतो.

शब्द दिला तसं बाबांना सहलीला नेलं. सहल म्हणजे आपली माणसं दुसऱ्यानं पळवू नयेत म्हणून त्यांना मतदानापर्यंत कोंडून ठेवायची गोड रीत. आठही जण नांदेडच्या एका लॉजवर होते. घरचा निरोप यायचा तो पुढाऱ्यामार्फत.

मतदानाच्या आदल्या दिवशी पहाटे अक्काला उलट्या-जुलाब सुरू झाले. झिऱ्याचं पाणी. मायनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेही टिकेना. "जा, बाबाला बोलावून आण," माय म्हणाली. मी दहावीत होते. पहिल्या एसटीनं तालुक्याला, पुढाऱ्याच्या घरी गेले.

त्यांनी मला आत घेतलं. खुर्चीवर बसवलं. चहा आला, घरच्यांच्याच कपात. मी सगळं सांगितलं.

"काळजी करू नकोस पोरी. आत्ता नांदेडला ट्रंककॉल लावतो. दुपारपर्यंत तुझे बाबा घरी."

मी चहा पिऊन उठले. दारात त्यांची जीप उभी होती, ड्रायव्हर आत झोपला होता. अक्काला दवाखान्यात न्यायला ती जीप मागावी हे मला सुचलंच नाही. जिथं आपल्याला इतकं मानानं बसवलं तिथं अजून काय मागायचं, असंच वाटलं असणार. त्या जीपची हिरवी ताडपत्री आठवली की आजही मला स्वतःचा राग येतो.

दुपारी बाबा आले नाहीत. ट्रंककॉल लावलाच नव्हता, हे पुढे कळलं. एक सदस्य घरी गेला आणि समोरच्यांनी वाटेत गाठला तर सभापतिपद जाणार, एवढंच कारण. आम्ही दिवस कलेपर्यंत वाट पाहिली आणि मग बैलगाडी जुंपली. दवाखाना यायच्या आधीच अक्का गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी सभागृहात हात वर केला. तीनच्या सुमाराला त्याच जीपमधून वाड्यात उतरले, तेव्हा कपाळभर गुलाल होता. "अक्के, झालं बघ तुझं काम!" असं ओरडतच ते आले. लोक बाजूला सरकले. मायनं पदरानं त्यांचा गुलाल पुसला आणि मग त्यांना आत नेलं.

हापसा महिन्याभरात बसला. खोटं कशाला बोलू, शब्द पाळला त्यांनी. पाणीही गोड लागलं. बाबांनी पुन्हा कधी निवडणूक लढवली नाही आणि त्या दिवसाबद्दल मला एक शब्दही विचारला नाही.

पुष्कळ वर्षांनी मी माहेरी आले होते. हापशावर घागर भरत होते, तेव्हा बाबा शेजारी येऊन उभे राहिले.

"त्या दिशी त्यानं तुला कुठं बसवलं व्हतं?"

"आत. खुर्चीवर."

"अन् चा?"

"त्यांच्याच कपात."

"मंग तू तरी काय करणार, बाई," ते म्हणाले, आणि माझ्या हातातून दांडा घेऊन स्वतः हापसू लागले.