धावड्याला नेलेल्या तीन सिंगल माल्ट

नाशिकहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा पिशवीत दोन कपडे, एक मोजपात्र, वही आणि औषधाच्या शंभर मिलीच्या तीन काचेच्या बाटल्या होत्या. तिन्ही बाटल्यांत वेगवेगळी सिंगल माल्ट स्कॉच होती. दारू बाळगायचा परवाना पाकिटात होता. निघताना बायकोने विचारले, "रंगनाथभाऊजी थेंबाला शिवत नाहीत. त्यांच्याकडे हे कशाला?" मी म्हणालो, "शिवत नाहीत म्हणूनच."

रंगनाथ माझा संभाजीनगरच्या वसतिगृहातला रूममेट. आता भोकरदन तालुक्यात धावड्याला सहा एकर शेती आणि चार म्हशी सांभाळतो. कोरोनात त्याची वास घेण्याची शक्ती गेली ती परत आलीच नाही. गेल्या पावसाळ्यात गॅसचे बटण अर्धवट फिरलेले राहिले आणि हा शेजारी बसून पेपर वाचत होता. वहिनी गोठ्यातून आल्या म्हणून निभावले. तेव्हापासून त्या त्याला एकट्याला घरात ठेवत नाहीत. आता त्यांची लेक नगरला दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती, आईला बोलावत होती, आणि वहिनींचा पाय निघत नव्हता. महिनाभर रंगनाथ फोनवर म्हणत होता, "मला वास येऊन राह्यला रे, पण हिला पटत न्हाई."

लिंबू, लवंग, हिंग सगळे हुंगून झाले होते. पण लवंग हातात दिली की माणसाला लवंगेचा वास आठवतो, आणि आठवलेला वास आलेल्या वासासारखाच वाटतो. त्यामुळे त्याने जन्मात न घेतलेला वास हवा होता. तसे वास माझ्याकडे होते.

मी वर्षाला दोनच बाटल्या घेतो, पण तुलना करून घेतो. बाटलीवरच्या वर्षांना लोक फार भुलतात. मी आधी ती कसल्या पिंपात मुरवली ते बघतो, मग मद्यार्काचे प्रमाण, आणि वर्षे शेवटी. माझ्याबरोबरची पहिली स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली, चाळीस टक्के, बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपातली. तिला कापलेल्या सफरचंदाचा हलका वास. दुसरी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली, त्रेचाळीस टक्के, मनुका आणि खजूर. तिसरी आयला बेटावरची, शेहेचाळीस टक्के. तिथे बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर सुकवतात.

जालन्याला उतरलो. स्टेशनबाहेर बियाण्यांच्या जाहिराती आणि मोसंबीच्या राशी. तिथून भोकरदनची एसटी, पुढे जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडे), मधूनच हिरवा मका, आणि उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची सपाट कापलेली रेघ. जीपमध्ये माणसे चौदा, जागा नऊ. एका खड्ड्यात माझी पिशवी आपटली आणि तिसऱ्या बाटलीचे झाकण सैल झाले.

शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी नाक वर केले. "पाव्हणं, दवाखान्यातून आल्ते काय?"

मला खोटे बोलता येत नाही. "दारू आहे, बाबा."

ते चार बोटे सरकले. थोड्या वेळाने त्यांनाच राहवले नाही. "मंग फसवलं तुमाला. हिला तर जळक्या लाकडाचा वास हाय. बराबर बघून घ्यावं माणसानं."

"त्या वासासाठीच घेतात ही."

"लई शिकले वाटतं तुमी," बाबा म्हणाले, आणि जीप हसली. उतरल्यावर मोजले. अठरा मिली गेली होती.

रंगनाथ फाट्यावर उभा होता. वाळलेला दिसला. ज्याला जेवणाचा वास येत नाही तो पोट भरण्यापुरते जेवतो. शेतात त्याने आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटवून ठेवली होती. वहिनी गरम कणसे तळहातावर चोळून दाणे पुढे करत होत्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. गोवऱ्यांच्या धुराचा वास दाण्यादाण्याला होता. आयलाची बार्ली आणि धावड्याची ज्वारी एकाच रीतीने चवीला येतात, हे मला तिथे कळले, आणि मी तसे म्हणालो.

"कोणत्या बेटाची म्हन्तो?" रंगनाथने विचारले.

"आयला."

"बायकोपुढं शिव्या देऊ नको," तो म्हणाला. वहिनी पदराआड हसल्या.

वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ. बाटल्या घरात नेणार नाही, असे मीच आधी सांगितले. त्यांनी शेतातल्या खोपीतून तीन स्टीलचे पेले आणले, राखेने घासलेले. "हुंगायचंच हाय ना? प्यायचं तर न्हाई. मंग वतते मी."

पद्धत अशी. प्रत्येक फेरीत तीन पेले. दोनांत एकच माल्ट, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला ओळखायचा. मद्यार्काच्या झिणझिणीवरून अंदाज येऊ नये म्हणून मी तिन्ही माल्ट पाणी घालून वीस टक्क्यांवर आणल्या. पहिलीच्या तीस मिलीत तीस पाणी, दुसरीच्या साडेचौतीस, तिसरीच्या एकोणचाळीस. रंग दिसू नये म्हणून पेल्यांवर कागद बांधून भोके पाडली. माझ्या तोंडावरून त्याला कळू नये म्हणून मी पाठ करून बसलो. मी लिहून दिलेल्या क्रमाने वहिनी कडब्याच्या गंजीमागे पेले भरायच्या आणि त्याच्यापुढे आणून ठेवायच्या. फेऱ्या नऊ. डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरी तीन बरोबर येतात, हे मी दोघांना आधीच सांगितले.

रंगनाथने नऊपैकी आठ ओळखले.

वहिनी खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या. मग लगेच लेकीला फोन. "हो, येते, परवाच निघते. येतो त्यांना वास. भाऊजींनी मोजलं ना."

आनंद मलाही झाला. पण आठ हा आकडा मला जड जात होता. मी आठ वर्षे या माल्ट हुंगतो आहे, आणि घरी अशाच चाचणीत मला सातच जमले होते. वही पाहिली. चुकलेली फेरी सहावी. त्या वेळी म्हशीचे रेडकू सुटले होते आणि वहिनी पेले ठेवून त्याच्यामागे धावल्या होत्या. बाकी आठही वेळा त्या रंगनाथसमोर उभ्या होत्या.

विहिरीकडे जाताना मी विचारले, "तू पेले बघत होतास की वहिनींना?"

तो मोटारीचा पाइप सरळ करू लागला. "तिचे डोळे बोलत्यात रे. बराबर पेल्यावर बोट गेलं की श्वास सोडती. तिला सोताला ठावं न्हाई."

"मग वास?"

"बिलकुल न्हाई. पर पोरगी रोज रडती फोनवर. ही माझ्यापायी अडकून पडली. तू आठ म्हन आन जाऊ दे तिला."

"आणि गॅस राहिला तर?"

त्याने पाइप खाली टाकला. मी म्हणालो, "पुन्हा करू. या वेळी भरणार मी, आणि तू हुंगताना समोर कोणीही नसेल."

वहिनींना डोळ्यांचे सांगावे लागले. त्यांचा चेहरा उतरला, पण त्या आगटीपाशी जाऊन, तोंड डोंगराकडे करून बसल्या. मी गंजीमागे पेले मांडून दूर जायचो, रंगनाथ एकटा जायचा, येऊन आकडा सांगायचा. तिसऱ्या फेरीला तो नेहमीपेक्षा जास्त वेळ गंजीमागे राहिला.

ऊन कलले तेव्हा नऊ फेऱ्या संपल्या. वहिनी उठून माझ्यासमोर आल्या. "भाऊजी, खरं सांगा."

"चार."

"म्हंजी?"

"तीन नशिबाने येतात. एक जास्तीचा. त्या चारांतल्या तीन वेळा धुराची माल्ट वेगळी होती. कदाचित काही तरी जागे होत असेल. पण गॅसच्या भरवशाला हे पुरत नाही."

"मंग मी जात न्हाई," त्या म्हणाल्या.

"जा की ग," रंगनाथ म्हणाला. "अठरा फेऱ्या हुंगल्या तुझ्यापायी. आता माझ्यापायी येवढं कर." वहिनी वळून घराकडे चालू लागल्या. आम्ही मागून गेलो. स्वयंपाकघरातून त्या बाहेर आल्या तेव्हा हातात गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर होता, फडक्यात गुंडाळलेला.

"हे नाशकाला घेऊन जा, भाऊजी. शेजारी ठेवलं तर दोन दिसांत चहापायी मागून आनतील. मी सांगंस्तवर देऊ नका. मागच्या चुलीवर करून खातील."

"भाकरी तुझ्यापेक्षा गोल करतो मी," रंगनाथ म्हणाला.

"बघितल्यात. रेडकू खातं त्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. धुराची बाटली त्याच्याकडे ठेवली, खोपीत, वहिनींच्या परवानगीने. रोज सकाळी एकदा हुंगायची. उरलेल्या दोन आणि रेग्युलेटर घेऊन मी जीपमध्ये बसलो. कोणाला कसलाच वास आला नाही.

घरी बायकोने पिशवी उपसली आणि रेग्युलेटर हातात धरून माझ्याकडे पाहिले. सांगायला अर्धा तास लागला. तिने तो पुसून माझ्या बाटल्यांच्या फळीवर ठेवला. आजवर मी त्या फळीसमोर उभा राहून पिंप, टक्के आणि वर्षे यांचीच तुलना केली होती. एका माणसाने दुसऱ्याचे डोळे वाचून आठ पेले ओळखावेत, ही गोष्ट कोणत्या रकान्यात घालायची ते मला अजून कळलेले नाही.

वहिनी नगरला पोचल्या. नातू झाला. काल रंगनाथचा फोन आला, चुलीवर चहा ठेवता ठेवता केलेला.

"अनंता, आज बाटली उघडली तवा काय तरी आलं. आलं म्हंजी आल्यावानी वाटलं. तू वहीत लिहू नको."

"नाही लिहीत."

"हिलाबी सांगू नको. पयलं अजून चार-पाच डाव येऊ दे."