झाकून ठेवलेली बॅटरी

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नवी मुंबईत शिरवणे गावात भाड्याने राहत होतो आणि मी नेरूळला एका सर्व्हेअर सरांच्या ऑफिसात कामाला होते. ऑफिस म्हणजे सोसायटीतला तळमजल्यावरचा वन रूम किचन. कुठे माल खराब झाला की विम्यासाठी जाऊन बघायचं, किती पोती गेली आणि कशाने गेली ते लिहून द्यायचं, हे सरांचं काम. माझं काम झाडू, चहा आणि फायली.

मग सरांच्या मेव्हण्याने परदेशातून त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. काळा, जाडजूड, मध्यभागी एक गोळी, ती बोटाने फिरवली की पडद्यावरचा बाण हलायचा. सरांनी एक दिवस विचारलं, "बाई, एबीसीडी येते ना?" मी येते म्हणाले. सातवीत शाळा सुटली होती, पण पाचवीपासूनची इंग्रजी अक्षरं हाताला लागलेली होती. सरांचे रिपोर्ट एकाच साच्याचे असत. तेच ते शब्द, फक्त आकडे बदलायचे. दोन महिन्यांत मी ते टाइप करायला लागले. त्याआधी सर हाताने लिहून वाशीच्या एका टायपिस्टकडे द्यायचे. आता सर मार्केटात, गोदामात जाताना मला बरोबर न्यायला लागले. ते पोती बघत आकडे सांगायचे, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करायची. व्यापारी मला 'मॅडम' म्हणायला लागले. पहिल्यांदा कुणी म्हणालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं.

एवढं मिळालं म्हणून मला रोज धास्ती वाटायची. आपल्या हातून या मशीनला काही झालं तर? मी माण तालुक्यातली. आमच्याकडे चार दिवसांनी टँकर यायचा. अर्धी घागर ठेवून झोपलेली बाई मी गावात पाहिली नव्हती. बॅटरीचंही मी तेच केलं. दहा मिनिटं मशीन वापरलं की लगेच वायर लावायची. हिरवा दिवा दिसला तरी वायर तशीच. ऑफिसात असेल तोवर ते कायम चार्जिंगला.

आणि धूळ. सोसायटीसमोर बांधकाम चालू होतं, टेबलावर तासाभरात बोट फिरवलं तर रेघ उमटायची. म्हणून मी जुन्या लुगड्याची, आत दोन पदर घालून, गोधडीसारखी टाके घातलेली खोळ शिवली. वायरीपुरतं एक भोक ठेवलं. सर आलेल्या माणसांना ती खोळ दाखवायचे. "आमच्या बाईंनी शिवली."

मी ती घरी शिवत बसले होते तेव्हा आमची घरमालकीण, शिरवण्यातलीच म्हातारी, दारात उभी राहून बघत होती.

"कया शिवतं गो?"

"ऑफिसच्या मशीनला खोळ, आजी."

"मशनीला थंडी वाजतं?"

"धूळ बसते हो."

"बरा हाय बाय तुझा. मना कुनी अशी गोधरी दिली नाय."

आठ-नऊ महिन्यांत काय झालं ते माझ्या लक्षात येत होतं, पण मी ते स्वतःलाही सांगत नव्हते. आधी वायरीशिवाय पावणेदोन तास चालणारं मशीन सव्वा तासावर आलं, मग पाऊण तासावर. खोळ काढली की खालची बाजू चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी लागायची. मला वाटायचं, काम करतंय म्हणजे तापणारच. आणि जितका वेळ कमी होत गेला तितकं मी जास्त चार्ज करत गेले. सरांना सांगायला जीभ रेटली नाही.

एका बुधवारी तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बटाट्याचं काम होतं. यंत्र बंद पडून माल सडला होता. आत प्लग नाही. व्यापारी, सर आणि मी, नाकाला रुमाल लावून. सर सांगत होते, मी आकडे मारत होते. अर्धा तास झाला असेल नसेल, लाल दिवा लुकलुकला आणि पडदा काळा. मधले आकडे सेव्ह केले नव्हते, तीही माझीच चूक.

व्यापारी म्हणाला, "काय सायेब, मशीनला उपाशी आणलं काय?"

त्याची माणसं हसली. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कागद आहे का कुणाकडे?" पोती पुन्हा पहिल्यापासून बघितली. त्या वासात आणखी दीड तास गेला.

परतताना आम्ही रिक्षात बसलो. सर म्हणाले, "बाई, सोमवारी मार्केटात मोठं काम आहे. मशीन टिकणार नसेल तर मी पूर्वीसारखा कागद घेऊन जातो. टायपिस्टकडे देऊ."

मी "हो सर" म्हणाले. टायपिस्टकडे देऊ म्हणजे माझ्याकडे झाडू, चहा आणि फायली, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारून मी लॅपटॉप घेऊन वाशीला गेले. तिथे एक छोटं दुरुस्तीचं दुकान होतं, उरणकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ चालवायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी खोळीसकट मशीन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी खोळच हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"हे काय आहे ताई?"

"धुळीसाठी."

"चार्जिंगच्या टायमाला काढता ना?"

"नाही." मग मात्र मी सगळं सांगितलं. दहा-दहा मिनिटांचं, कायमच्या वायरीचं, खोळीला ठेवलेल्या भोकाचं. भोकाचं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"लय लाड केले तुमी हिचे. मी आखातात वॉकी-टॉकी रिपेर करायचो. वॉचमन लोक काय करायचे, एक राउंड मारला की चार्जरमध्ये. परत एक राउंड, परत चार्जरमध्ये. बॅटऱ्या पटापट खलास. ही पण तसलीच, निकेलवाली. तिला थोडंथोडं खायला घातलं ना, तर भूकच तेवढी राहते तिची. आणि वरून गरम गोधडी. गरम राहिलेली बॅटरी रोज थोडी मरते."

"नवीन मिळेल?"

"याची? बाहेरून मागवावी लागेल, महिना जाईल. आधी माझं ऐका. आता ही चालवायची, स्वतःहून बंद होईपर्यंत. मधे वायर नाय. मग उघडी, लादीवर ठेवून, एका दमात पूर्ण चार्ज. हिरवा दिवा आला की वायर काढायची. गार होऊ द्यायची. असं तीन-चार वेळा. वाचली तर वाचली."

"आणि नाही वाचली तर?"

"तर टेन्शन मला द्या, तुमी कशाला घेता? आणि हां, एकदा सुधारली की रोज रोज रिकामी नका करू. महिन्यातून एकदा बस."

मी पर्स उघडली तर म्हणाले, "काय केलं मी? बोललो फक्त."

ऐकायला सोपं होतं. करायला बसले तेव्हा कळलं. ऑफिसात जुने रिपोर्ट काढून मी टाइप करत होते, दर ओळीला सेव्ह करत. दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि माझा हात आपोआप वायरीकडे गेला. हात मांडीखाली घेऊन बसले. लाल झाला. समोर प्लग, शेजारी वायर, आणि मी ते मशीन डोळ्यांदेखत संपू देतेय. पस्तीस मिनिटांनी पडदा गेला.

सर आतून आले. "बंद पडलं?"

"बंद पाडलं, सर." मग मी त्यांनाही सांगितलं, की बॅटरी माझ्यामुळे खराब झाली, मी तिला कधी रिकामी होऊच दिली नाही, आणि झाकून तापवली. मशीन कमी चालतंय हेही मला कधीपासून माहीत होतं.

सरांनी खुर्ची ओढली. "शेवटचं तेवढं चुकलं. ते वेळेवर सांगायला हवं होतं." मग कपाटाकडे बघत म्हणाले, "मशीनबरोबर पुस्तक आलं होतं. तुम्हाला त्यातलं इंग्रजी झेपलं नसतं. मला झेपलं असतं. मी पिशवीतून काढलंसुद्धा नाही. वर खोळीचं कौतुक करत बसलो."

त्यांनी ते पुस्तक काढलं आणि बॅटरीची दोन पानं मला मराठीत सांगितली. मी वहीत उतरवून घेतली. चाचा बोलले होते तेच जवळजवळ, फक्त गोधडीबद्दल काही नव्हतं. त्या पुस्तकवाल्यांना सुचलंच नसेल.

शुक्रवारी दुसरी फेरी, पंचेचाळीस मिनिटं. शनिवारी दोन फेऱ्या झाल्या, शेवटची एक तास पाच मिनिटं. रविवारसाठी सरांनी मला ऑफिसची किल्ली दिली होती. संध्याकाळी हिरवा दिवा आला, मी वायर काढली आणि मशीन लादीवर गार होऊ दिलं. पुन्हा पूर्ण संपवून पाहायला वेळ उरला नव्हता.

आज, इतक्या वर्षांनी, माझ्या मुलाच्या लॅपटॉपची बॅटरी वेगळी आहे. तो म्हणतो, "आई, ही पूर्ण संपवायची नाही आणि शंभरावर लावूनही ठेवायची नाही, मधेच बरी असते." मी ऐकते. दर वेळी पुस्तक मात्र मागते. पुस्तक नसतं आता, तो मोबाइलवर वाचून दाखवतो. गरम होऊ द्यायची नाही, हे तेवढं अजून तसंच आहे.

तर त्या सोमवारी मार्केटात कांद्याचं काम होतं. पाणी शिरलेलं गोदाम, दोन व्यापारी आणि त्यांचं एकमेकांशी भांडण. सरांनी खिशात कागद घडी करून ठेवलेला मला दिसला. मी पडद्याचा उजेड कमी केला, पोत्यावर बसले आणि म्हणाले, "सांगा सर."

तास झाला. पिवळा दिवा आला. व्यापाऱ्यांचं भांडण रंगात आलं होतं. एकाने चहा मागवला.

मी म्हणाले, "सर, चहा नंतर घेऊ. साधारण पंधरा मिनिटं आहेत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग व्यापाऱ्यांकडे वळले. "ऐकलंत ना? मॅडमकडे पंधरा मिनिटं आहेत. तुमचं काय ते मागाहून करा."

दोघं गप्प झाले. सर भराभर सांगत गेले, मी मारत गेले. शेवटची रांग झाली तेव्हा लाल दिवा लागला होता, पण स्थिर होता. मी सेव्ह केलं, फ्लॉपी काढून पर्समध्ये टाकली आणि मशीन स्वतःच्या हाताने बंद केलं.

सरांनी खिशातला कागद काढला, उलगडला, आणि त्यावर गरम चहाचा ग्लास ठेवून माझ्याकडे सरकवला.