पांढऱ्या साडीतली राणी

मंडळी, आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासरे गेल्यापासून अशा दिवशी सासूबाई किचनमध्येच बसून राहतात.

यंदा हॉलमध्ये मोठं पेंटिंग लावलंय, केबिन रोडवरच्या फ्रेमवाल्याकडून मस्त सोनेरी फ्रेम करून आणलेलं. नवऱ्यामागे राज्य सांभाळणारी राणी सिंहासनावर बसलीय. पांढरी साडी, कपाळावर कुंकू नाही.

शेजारच्या काकू कुजबुजल्या, "अगं, सवाष्णींच्या दिवशी हा फोटो कशाला?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. "राज्य केलंय तिने! तिला काय किचनमध्ये बसवू?"

बोलल्या आणि स्वतःच थबकल्या. मग करंडा उचलला आणि पहिलं कुंकू काकूंनाच लावलं.

काय अभिमान वाटला म्हणून सांगू! तुमच्याकडे आत कोण बसलंय? बोलवा की बाहेर.