पिसांचा पुरावा

सकाळी आठच्या सुमारास मी अंगण झाडत होते, तेव्हा नवऱ्याचा फोन आला. मागे ट्रॅक्टरची घरघर आणि हमालांचा गोंगाट. तो ओरडून म्हणाला, "अवो, तुहा लाल कोंबडा इथं वजनाच्या काट्यावर बसून हाये."

मला वाटलं, थट्टा करतोय. आमचं धान घेऊन तो पहाटेच खरेदी केंद्रावर गेला होता, गावापासून सात किलोमीटरवर. आणि माझा लाल कोंबडा तर चार दिवसांपूर्वी शेजारच्या कुत्र्यानं खाल्ला होता. निदान तसा निकाल मी देऊन टाकला होता.

झालं होतं असं. माझ्या कोंबड्या मोकाट. दिवसभर गल्लीभर हिंडायच्या आणि दिवेलागणीला दारासमोरच्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीवर चढून बसायच्या. खुराडा आहे, पण त्यात पिलंवाली तेवढी जाते. बाकीच्यांना खुराडा म्हणजे सासर वाटतं. यंदा मळणी आटोपली तशा गल्लीतल्या धानाच्या ट्रॉल्या त्याच झाडाखाली भरून उभ्या राहायला लागल्या, कारण रस्ता तिथंच रुंद आहे. संध्याकाळी भरायच्या, वर ताडपत्री टाकायची आणि पहाटे अंधारात रांगेसाठी निघायचं. ती फांदी आड येत होती. नवऱ्यानं तोडली. तोडायला मीच सांगितलं होतं, हेही लिहून टाकते.

आधी दोन कोंबड्या गेल्या. तीन दिवसांनी आणखी तीन. मी सगळ्यांना हाकलून खुराड्यात कोंबायला लागले, तरी चार-दोन हातावर तुरी देऊन पळायच्याच. मग एका रात्रीत लाल कोंबडा आणि त्याच्यासोबत तिघी. ना ओरडणं, ना रक्ताचा थेंब. फक्त पिसं, आणि तीही शेजारच्या मावशीच्या कुत्र्याच्या आजूबाजूला. दव लागू नये म्हणून तो रात्री ट्रॉलीखाली झोपायचा, आणि ट्रॉली गेली की पुन्हा त्याच जागी येऊन पसरायचा.

मावशीच्या घरचे तलावात मासे धरतात. पंधरा वर्षं तिच्या घरून माझ्याकडे माशांची वाटी आणि माझ्या घरून तिच्याकडे अंडी, असं चाललेलं. कुत्रा तिच्या नवऱ्याबरोबर रोज तलावावर जायचा, जाळ्यांपाशी बसून राहायचा आणि एका मासोळीला तोंड लावायचा नाही. हे मला ठाऊक होतं. पण माझं डोकं एकदा तापलं की ठाऊक असलेलं सगळं उतू जातं.

मी भर गल्लीत म्हटलं, "बाहेरचा चोर आला असता तं हा भुकला नसता का? भुकला नाही, म्हंजे चोर हाच."

हा तर्क गल्लीला पटला. मलाही फारच आवडला.

"माहा कुत्रा तोंडाचा साफ हाये," मावशी म्हणाली.

"मंग पिसं का आभाळातून पडली?"

मावशीनं कुत्र्याला आपल्याकडं ओढलं. मग म्हणाली, "परवा जाईल तो साकोलीले, माह्या भावाकडं. दहाच्या मासळीच्या टेम्पोत." त्यानंतर आमचं बोलणं बंद. आणि तो परवाचा दिवस म्हणजे फोन आला तोच दिवस.

मी झाडू टाकला आणि स्कूटी काढली. केंद्रावर पोचले तर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत. पुढे धानाच्या राशी, रिकाम्या पोत्यांचा बारदाना आणि मधल्या मोठ्या काट्यावर माझा कोंबडा. हमाल पोतं ठेवू पाहायचा आणि हा त्याच्या हातावर चोच मारायचा. पायात माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी, ओळखीसाठी मीच सगळ्यांना बांधलेली. चार दिवसांत असा गुबगुबीत झाला होता की आमच्या घरी कधी नव्हता.

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "बाई, आमी टोकन धरून बसलो, अन् तुमच्या कोंबड्याचा नंबर आमच्या पयले लागला."

सगळे हसले. मी पदर खोचला आणि त्या सगळ्या माणसांसमोर माझी रोजची हाक दिली, "या ती ती ती ती." पोत्यांच्या थप्पीमागून एक आली. मग राशीवरून दोन, ट्रॅक्टरखालून आणखी. हिरव्या चिंध्यांचे पाय माझ्याकडे धावत होते आणि मला एवढा आनंद झाला की मी चक्क टाळ्या पिटल्या. गेल्या होत्या नऊ, आल्या आठ. एकीचं विचारलं तर दोन हमाल जरा जास्तच घाईनं नाही म्हणाले.

"पण ह्या आल्या कशा इथं?" मी विचारलं.

नवऱ्यानं आमच्या ट्रॉलीची ताडपत्री उचलली. आत दोन पोत्यांच्या खाचेत आमची काळी कोंबडी बसली होती, आज पहाटेच निघालेली, अजून पुरती जागी न झालेली. पोत्यावर विष्ठा, पिसं. भरलेल्या ट्रॉलीची उंची बरोबर त्या तोडलेल्या फांदीएवढी होती. कोंबड्या आपल्या जागी आल्या होत्या. फांदी नव्हती, तर ट्रॉलीवर, ताडपत्रीच्या कडेखाली शिरून बसल्या. अंधारात कोंबडी हलत नाही, कितीही हादरे बसोत. आणि पिसं खरोखरच वरून पडली होती, खाली झोपलेल्या कुत्र्यावर.

मग मला दहाचा टेम्पो आठवला. साडेनऊ वाजून गेले होते.

मावशीला फोन लावला. दोनदा वाजून कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. माझा नंबर पाहून मीही कापला असता. कोंबड्या धरायचं काम नवऱ्यावर टाकलं, एकटा कोंबडा बाजाराच्या थैलीत कोंबून स्कूटीच्या हुकाला लटकवला आणि निघाले. अशी गाडी मी जन्मात चालवली नव्हती. कोंबडा गुडघ्याला टोचे मारत होता आणि मी त्यालाच सांगत होते, थांब बाप्पा, पोचू दे.

गावाच्या तोंडाशीच टेम्पो समोरून आला. मागे मासळीचे क्रेट आणि त्यांच्यामध्ये दोरीनं बांधलेला कुत्रा. मी स्कूटी आडवी घातली. ड्रायव्हरनं मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. टेम्पोमागून थोड्या अंतरावर मावशी चालत येत होती, त्याला पोचवायला.

मी थैलीतून कोंबडा वर काढला. "मावशी, ह्या साऱ्या धानाच्या ट्रॉलीवर बसून केंद्रावर गेल्या होत्या. यानं काहीच नाही केलं."

तिनं कोंबड्याच्या पायातली चिंधी पाहिली. "पिसं पाहिली तू," ती म्हणाली. "पण मले एकडाव इचारलं नाहीस. पंधरा वर्सं झाली आपल्याले."

"चुकलं माहं."

"मले काहून सांगतेस? त्याले उतरव."

आणि ती वळून घरी गेली. मी टेम्पोवर चढले. तिनं गाठ अशी आवळली होती की दातानं सोडवावी लागली. तोवर कुत्रा माझा कान चाटत होता आणि मला रडू येत होतं.

मावशीचं दार आतून बंद होतं. एका बगलेत कोंबडा, दुसऱ्या हातात दोरी, आणि गल्ली जमलेली. चोर म्हणताना मी मोठ्यानं म्हटलं होतं, तेव्हा हेही मोठ्यानंच म्हटलं, "कुत्रा चोर नाही. मीच चुकली." मी कडी वाजवली. पुन्हा वाजवली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "साऱ्या सापडल्या का?"

"एक नाही सापडली."

"कोणती?"

"पांढरी."

मग मावशी म्हणाली, "मोठे अंडे द्याची ते," आणि तिनं दार उघडलं.