बीर सालमाची किटली

आज सकाळी चिंचेच्या खुंटाला बादलीभर पाणी घातलं, तर शेजारचा बबन रस्त्यावरून ओरडला, "अण्णा, मेलेल्या खुंटाला कधी पालवी फुटते का?" रस्ता रुंद करताना चिंच तोडली, आणि परवा पालिकेची माणसं आमच्या चिंचमळा वस्तीची पाटी काढून तिथं 'वॉर्ड सात' लिहून गेली.

मला लिबियातलं बीर सालमा हे गाव आठवलं. तरुणपणी मी तिथं गवंडीकामाला होतो. वीस-तीस घरं, बाकी सगळी वाळू. सालमा नावाच्या बाईनं तिथं विहीर खणली, आणि त्यांच्याकडं विहिरीला बीर म्हणतात, म्हणून गावाचं ते नाव. विहीर कधीचीच आटली होती, गावात नळ आला होता. तरी एक म्हातारा हाजी रोज नळावर किटली भरायचा आणि त्या कोरड्या विहिरीत ओतायचा.

मी हसलो होतो. "हाजी, किटलीनं विहीर भरते होय?"

"भरायचीय कुणाला?" तो म्हणाला. "माझ्या गावाचं नाव खोटं पडू नये, एवढंच बघतो."

तेव्हा मला तो येडा वाटला होता.

बबनला म्हटलं, "उद्या दुसरी बादली तू आण." शाळा मी चौथीत सोडली, म्हणून 'वॉर्ड सात' मला वाचताच येत नाही, असं सगळ्यांना सांगून ठेवलंय. पोस्टमनलाही बजावलंय, पाकिटावर चिंचमळा नसेल तर परत न्यायचं. मग आत माझ्या नातवाच्या लग्नाची पत्रिका का असेना.